लेकीची यादी आणि आईचा अनुभव

पत्र थोडक्यात : रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून 58 वर्षांच्या एका आईने लिहिले आहे. त्यांची लेक डोंबिवलीला असते. तिला सातवा महिना सरत आला असून डॉक्टरांनी ऑगस्टअखेरची तारीख दिली आहे. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे ती गावी येणार हे सगळ्यांनी धरूनच चालले होते. मात्र परवा तिने आईला फोनवर एक यादी पाठवली : गुटी नको, मध नको, वरचे पाणी नको, धुरी-शेगडी नको, नाका-कानात तेल नको, काजळ नको. आई लिहितात, "सासूबाईंच्या हाताखाली शिकून मी घरातल्या किती बाळंतिणींचे केले. जाऊबाईंचे एक मूल आठव्या दिवशी गेले, ते सोडले तर सगळी पोरे ठणठणीत वाढली. माझे काहीच चालणार नसेल, तर ती इथे येते कशाला? जावई म्हणतात, इथल्या हॉस्पिटलात नाव घातलेले आहे, तुम्हीच इकडे या. पण मग गावात लोक काय म्हणतील? आणि मी करायचे तरी काय?" लेकीचे रक्त 9.2 भरल्याचेही त्यांनी ओघात लिहिले आहे, "पण ते काय, इथे आली की चार दिवसांत खाऊनपिऊन भरून निघेल."

ताई,

तुमच्या पत्रात राग थोडा आणि दुखावलेपण जास्त आहे, आणि ते मला रास्त वाटते. जिने घरातल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घातले, रडणारी पोरे मांडीवर घेऊन रात्री काढल्या, तिच्या हाती 'हे करू नकोस, तेही करू नकोस' एवढेच सांगणारी यादी यावी, ह्याने कोणालाही वाईट वाटेल. लेकीने लिहिलेले सगळे बरोबर आहे आणि ते का बरोबर आहे हे मी पुढे सांगते. पण तिची यादी अपुरी आहे. आईने काय करू नये हे तिने लिहिले, काय करावे हे लिहायचे राहून गेले. ते काम पुष्कळ आहे आणि तुमच्यावाचून ते होणारे नाही.

त्याआधी वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलू द्या. वाद गुटीवरून पेटला असला तरी पत्र वाचताना मला काळजी वाटली ती त्या 9.2 ची. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि 7 च्या खाली गेले की तो तीव्र समजतात. तुमची लेक ह्या दोहोंच्या मध्ये आहे. घाबरून जावे असे ते नाही, पण खाऊनपिऊन भरून निघेल म्हणून सोडून द्यावे असेही नाही. बाळंतपणात रक्त जातेच. अंगात रक्त पुरेसे असेल तर बाई ते सोसते. आधीच कमी असेल तर तेवढाच स्राव तिच्या जिवावर बेतू शकतो. नाचणी, खजूर, पालेभाजी, मासे हे सगळे जरूर द्या, परंतु दोन महिन्यांत नुसत्या अन्नाने एवढी तूट भरत नाही. त्याला गोळ्याच लागतात. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. एरवी ती रोज एक घ्यायची असते, रक्त कमी असलेल्या बाईला डॉक्टर बहुधा दोन सांगतात. गोळीने शौचाला काळे होते, काहींना मळमळते, आणि म्हणून पुष्कळ मुली आईला न सांगता ती बंद करून टाकतात. तुमची लेक गोळ्या खरोखर घेते का, हे रागे न भरता विचारा. गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घ्यायची नाही, कारण दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. महिनाभरात रक्त पुन्हा तपासून घ्यावे. तेव्हाही वाढलेले नसेल, तर शिरेतून लोह देता येते, पण ते देऊन त्याचा गुण यायला दिवस लागतात. नवव्या महिन्याच्या अखेरीस धावपळ करून ते साधत नाही.

ह्याच आकड्यामुळे, बाळंतपण कुठे करावे हा प्रश्नही तुम्ही मांडला आहे त्याहून थोडा निराळा होतो. तुम्ही आणि जावई तो माहेर की सासर असा मांडता. मी तुम्हा दोघांना असे विचारेन की, कळा सुरू झाल्यावर, गरज पडली तर शस्त्रक्रिया होईल आणि रक्तही मिळेल अशा रुग्णालयात तुम्ही किती वेळात पोचाल? तुम्ही लिहिता, रत्नागिरी गाडीने दोन तास. ते कोरड्या दिवसांत. ऑगस्टमध्ये झाड आडवे पडले, साकवावरून पाणी गेले, रात्री वीज आणि फोनची रेंज एकदमच गेली, म्हणजे त्या दोन तासांचे किती होतात हे खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. त्यातच गणपती जवळ येतील आणि महामार्गावर गाड्यांच्या रांगा लागतील. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेहमीची बाळंतपणे होतात आणि ती चांगली होतात. परंतु पहिलटकरीण आणि त्यात रक्त कमी, अशा बाईने कळा तिथे सुरू करून मग पुढे हलवले जाण्याची पाळी येऊ देऊ नये असे मला वाटते.

मग तुमच्यापुढे मार्ग कोणते? डोंबिवलीतच बाळंतपण करणे आणि तुम्ही तिकडे जाणे, ह्यात कमीपणा कसलाही नाही. तिची फाइल तिथे आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, नवरा जवळ आहे. अडचण पुढची आहे : दोन खोल्यांत तुम्ही किती दिवस राहाल, आणि तुम्ही परतल्यावर तिच्याजवळ दिवसा कोण असेल? दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी अधिक बरा वाटतो. चौतिसाव्या आठवड्याच्या आत, तिच्या डॉक्टरांना विचारून, तिने गावी यावे. आल्या आल्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवून सगळे जुने कागद दाखवावेत. आणि सदतिसावा आठवडा लागला की तुम्ही दोघींनी रत्नागिरीतच कोणा नातेवाइकाकडे मुक्काम हलवावा. बाळंतपण तिथे, आणि पुढचा सव्वा महिना तुमच्या घरी. रत्नागिरीत हक्काने राहण्याजोगे घर नसेल, किंवा तिचा रक्तदाब वाढलेला असेल, बाळ आडवे किंवा पायाळू असेल, तर मात्र आग्रह सोडा आणि डोंबिवलीला जा. (सिंधुदुर्गातल्या वाचकांनी हाच हिशेब ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाचा करावा, दक्षिणेकडची गावे गरजेला गोव्यात बांबोळीला जातात, तेही अंतर आधी मोजून ठेवावे.) गावातल्या चार लोकांचे म्हणाल, तर लेकीला रत्नागिरीत का ठेवले हे त्यांना एकदाच सरळ सांगावे : रक्त कमी आहे, डॉक्टरांनी सांगितले आहे. ह्यावर कोणी फार बोलत नाही.

खर्चाची धास्ती असल्यास, सरकारी रुग्णालयात 2011 पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तिथले जेवण आणि येण्याजाण्याची गाडी हे सारे मोफत आहे, आणि बाळ आजारी पडले तर त्याचे उपचारही वर्षभर मोफत आहेत. गाडीसाठी 102 किंवा 108. तरीही शेजारच्या एका गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा, कारण रेंज गेली की कोणताच क्रमांक लागत नाही.

आता लेकीच्या यादीकडे वळते.

तुम्ही लिहिले आहे की जाऊबाईंचे मूल सोडले तर सगळी वाढली. त्या बाळाला काय झाले होते, हे इतक्या वर्षांनी इथे बसून कोणी सांगू शकणार नाही, आणि दोष तर कोणालाच देता येणार नाही. त्या घरातल्या बायकांनी आपल्याला ठाऊक होते ते सारे मायेनेच केले असणार. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण असेच सांगत आलो आहोत की आमच्याकडे सगळी मुले अशीच वाढली, आणि गेलेली मुले त्या हिशेबात कोणी धरलीच नाहीत. त्या काळी पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बाळाने अंगावर पिणे सोडायचे, अंग ताठायचे आणि ते जायचे. त्यातली कितीतरी मुले धनुर्वाताने जात. नाळ कशाने कापली आणि तिच्यावर काय लावले, ह्यातून तो होत असे. आईला धनुर्वाताची इंजेक्शने मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि 2015 साली भारतातून हा नवजात बाळांचा धनुर्वात जवळजवळ हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. जुन्या रीतींपैकी एकेक अशी तपासून सोडल्यामुळेच आज मुले वाचतात. लेकीच्या यादीकडे तुम्ही त्या नजरेने पाहावे असे मला वाटते.

मध घ्या. आपण तो बोटाने चाटवतो. पण मधात एका जंतूची बीजे असू शकतात, जी तुमच्या-माझ्या पोटात काही करत नाहीत, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि त्याचे स्नायू लुळे पडत जातात. मध शुद्ध असला, घरच्या पोळ्याचा असला, तरी हे टळत नाही. म्हणून पहिले वर्षभर मध नाही.

गुटीचे दुखणे वेगळे आहे. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड ह्यांना मी वाईट म्हणत नाही. पण सहाणेवर दोन वळसे द्यायचे की चार, हे हाताच्या सवयीवर असते. जायफळाचा वळसा जास्त झाला की बाळ शांत निजले असे आपल्याला वाटते, आणि प्रत्यक्षात ते सुस्त होऊन दूध प्यायचे राहिलेले असते. शिवाय सहाण, मुळ्या, पाणी, बोंडले, ह्यांपैकी काय ना काय ओले राहतेच, आणि पावसाळ्यात आपल्या घरांत वेखंडाच्या काडीलासुद्धा बुरशी धरते. सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही. वैशाखातही लागत नाही. वरचे पाणी पाजले की त्याचे इवलेसे पोट भरते, ते कमी ओढते, आणि कमी ओढले की आईचे दूधही कमी होते. मग 'हिला दूधच नाही' म्हणून पावडरीचा डबा घरात येतो. हे मी घरोघर पाहत आले आहे.

धुरी-शेगडीबद्दल तुम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटले असावे, कारण पावसाळ्यातल्या बाळंतिणीची खोली ओल धरते, शेक हवासा वाटतो, आणि दुपटी वाळत नाहीत हे खरेच आहे. पण दारेखिडक्या लावलेल्या खोलीतल्या निखाऱ्यांतून असा वायू निघतो ज्याला वास नसतो आणि ज्याने माणूस झोपेतच गुदमरतो, आणि ओवा-शेपांचा असला तरी धूर तो धूरच. नवजात बाळाच्या छातीला तो सोसत नाही. टोपलीखाली शेगडी ठेवून दुपटी वाळवायची असतील तर ती पडवीत वाळवा, वर इस्त्री फिरवा आणि मग खोलीत न्या. बाळंतिणीला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी आहे, कढत पाण्याची आंघोळ आहे. नाका-कानातले तेल, नाळेवरची हळद किंवा राख, डोळ्यांतले काजळ, बाळाची छाती पिळून 'दूध' काढणे, हे सगळे बंद. त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि तुम्ही काय करायचे? बाळ जन्मले की तासाच्या आत ते छातीला लागावे, तो पहिला पिवळट चीक वाया जाऊ नये, ह्यासाठी त्या खोलीत तुम्ही ठाम उभ्या राहा. लेक दमलेली असेल, नर्स घाईत असेल, एखादी मावशी साखरपाणी घेऊन पुढे येईल. तिला नको म्हणणारे वडीलधारे माणूस तिथे हवे, आणि ते तुम्हीच असू शकता. पहिला दिवस आंघोळ घालू नका, बाळ अडीच किलोहून कमी भरले तर डॉक्टर सांगेपर्यंत नुसते पुसून घ्या. ऊब हवी तर उघडे बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालावे, ह्यासारखा शेक दुसरा नाही. आपल्या हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला लावा. पोट ऊबदार आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर ते धोक्यात आहे.

मालिश सोडू नका. खोबरेल तेलाने, हलक्या हाताने, ओढाताण न करता केलेल्या मालिशीने बाळे शांत होतात आणि वजनही चांगले धरतात. लेकीच्याही अंगाला लावा. सिझेरियन झाले तर टाके सोडून, आणि पोट आवळून न बांधता.

तिच्या जेवणाबाबत तुमचा हात सैल असू द्या. पेज, तूपभात, कुळथाचे सार, अळिवाची खीर, नाचणीचे सत्त्व हे आपले सारे उत्तम आहे. पथ्याच्या नावाखाली पाणी तोडणे, डाळी-भाज्या-फळे बंद करणे मात्र तिचे रक्त आणखी उतरवील. किनाऱ्यावर दूध यावे म्हणून बाळंतिणीला मोरी देतात, पण मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, जातीच्या माशांत पारा जास्त साठतो; त्यापेक्षा तारली आणि बांगडा द्या, ते स्वस्तही आहेत. पावसाळ्यातली मासेमारीबंदी तोवर उठलेली असेल. सुके मासे थोडे, आणि रक्तदाब असेल तर नकोतच. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात, हे घरात कोणाच्याच लक्षात राहत नाही; तुम्ही ठेवा.

पाळत ठेवण्याचे काम ह्या सगळ्याहून मोठे आहे. बाळंतपण झाले म्हणजे घोर संपला असे आपण धरतो, पण आईला आणि बाळाला सगळ्यात जास्त धोका बाळंतपणाच्या दिवशी आणि त्यापुढच्या थोड्या दिवसांत असतो. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजू लागला, ताप आला, अंगावरून जाण्याला घाण वास आला, डोके असह्य दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, एक पोटरी सुजून दुखू लागली, तर रात्र आहे, पाऊस आहे, सकाळी बघू, असे म्हणू नका. बाळाने पिणे सोडले, हाका मारून जागे होईना, छाती आत ओढत भराभर श्वास घेऊ लागले, एका मिनिटात 60 किंवा जास्त, अंग तापले किंवा गार पडले, झटके आले, तरीही तसेच. काविळीवर कोवळे ऊन हा इलाज नव्हे, आणि ऑगस्टमध्ये ऊन मिळणारही नाही. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर बाळ लगेच रुग्णालयात न्यायचे.

हे काम डॉक्टरांचे, आपल्या अडाणी हातांचे नव्हे, असे तुमच्या मनात येईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरची नवजात बाळे त्यांच्या देखरेखीखाली ठेवली, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक खाली आले. 1999 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे 2011 पासून देशभरातल्या आशाताई ह्याच धर्तीवर घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, बाळाचे वजन आणि ताप पाहतात. लेक गावची नोंदलेली नाही म्हणून त्यांना कळणार नाही, तेव्हा ती आली की तुम्हीच कळवा. सोयर आहे म्हणून त्यांना दारातून परतवू नका. त्या आल्या की शेजारी बसा आणि त्या बाळाचा श्वास कसा मोजतात ते पाहून घ्या. सोयरामुळे पाहुण्यांची गर्दी कमी राहते, ते चांगलेच आहे. पण लेक अंधाऱ्या खोलीत दिवसभर एकटी पडेल इतके ते पाळू नका. पहिले दहा-पंधरा दिवस तिला उगाच रडू येईल, ते ओसरते. त्यापुढेही ती उदास राहिली, बाळ जवळ घ्यावेसे वाटेना, झोप उडाली, नको नको ते बोलू लागली, तर दृष्ट काढून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. 'टेलिमानस' ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 ह्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

लेकीला आज फोन करा, आणि यादीचा विषय तुम्हीच काढा. तिला सांगा की गुटी, मध, धुरी ह्यातले काही होणार नाही. त्याबदल्यात गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि डॉक्टरांना विचारून गावी येण्याची तारीख आताच ठरवायची. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने उशिरा पोचतात आणि गणपतीच्या आधी तिकीट मिळत नाही, म्हणून जुलैतले खालच्या बर्थचे आरक्षण ह्याच आठवड्यात पाहा. सोबत जावई किंवा घरातले कोणी असावे, आणि सोनोग्राफी, रक्तगट, माता व बाल संरक्षण कार्ड ही सगळी कागदपत्रे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. बाळाची जन्माच्या वेळची लसीकरणे रुग्णालयात होतील, सहाव्या आठवड्याची तुमच्या आरोग्य केंद्रात करून घ्या, आणि त्या कार्डावर नोंद झाल्यावरच तिला परत पाठवा.